सैनिकांच्या चष्म्यासाठी एसबीआयआर करार: पहिला टप्पा चोख, तिसरा रामभरोसे

अमेरिकेत छोट्या कंपनीला संरक्षण खात्याच्या पैशावर नवा चष्मा विकसित करायचा असेल, तर एसबीआयआर (स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च) ही सरकारी योजना सगळ्यात उघडं दार आहे. १९८२ च्या कायद्याने ही योजना आली. ज्या सरकारी खात्यांचं बाहेर करून घेतल्या जाणाऱ्या संशोधनाचं बजेट वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्यांना त्यातले ३.२ टक्के छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवावे लागतात. हे कर्ज नाही, आणि सरकार कंपनीत हिस्साही मागत नाही. पैसे तीन टप्प्यांत मिळतात असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात ते दोनच टप्प्यांत मिळतात, आणि परीक्षणातला मुख्य आक्षेप तोच आहे.

योजना कागदावर जोखण्यापेक्षा एका खऱ्या गरजेवर जोखू. कडक उन्हातून अंधाऱ्या खोलीत शिरणाऱ्या सैनिकाला भिंग बदलायला वेळ नसतो. उन्हात आपोआप काळी होणारी फोटोक्रोमिक काच इथे उपयोगाची नाही. ती पुन्हा पांढरी, म्हणजे पारदर्शक, व्हायला काही मिनिटं घेते, थंडीत आणखी रेंगाळते, आणि गाडीच्या समोरच्या काचेमागे अतिनील किरण पोचत नसल्याने नीट काळीच होत नाही. म्हणून बटण दाबताच रंग बदलणारं भिंग हवं. ओहायोतल्या केंट इथल्या अल्फामायक्रॉन कंपनीने द्रव-स्फटिकांचं (लिक्विड क्रिस्टलचं) असं भिंग विकसित केलं आणि तेच तंत्र पुढे युवेक्सच्या स्कीइंग गॉगलमध्ये विकायला आलं. म्हणजे गोष्ट शक्य आहे. प्रश्न एवढाच की कराराचा कुठला टप्पा तुम्हाला कुठवर नेतो.

आधी गिऱ्हाईक काय मागतं ते पाहू. कारखान्यात वापरायच्या चष्म्यावर झेड८७+ असा अमेरिकी सुरक्षा मानकाचा शिक्का असतो. त्यासाठी ६.३५ मिमी व्यासाची पोलादी गोळी सेकंदाला ४५.७ मीटर वेगाने भिंगावर मारतात. तिची ऊर्जा साधारण १.१ ज्यूल भरते. सैनिकी चष्म्यासाठी ०.१५ कॅलिबरचा, ५.८ ग्रेन म्हणजे ०.३८ ग्रॅमच्या आसपास वजनाचा तुकडा सेकंदाला १९५ ते २०१ मीटर वेगाने येतो. ही ऊर्जा साडेसात ज्यूलच्या घरात, म्हणजे जवळपास सातपट आहे. शिवाय हा तुकडा गोल नसतो, त्याला धार असते. चष्मा डमी डोक्यावर बसवतात, डोळ्यांच्या जागी पातळ ॲल्युमिनियमची फॉइल लावतात, आणि फॉइलला भोक पडलं की नापास. हा निकष आज एमआयएल-पीआरएफ-३२४३२ या मानकात आहे. दुकानात ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक चष्म्यांचा या आकड्यांशी काही संबंध नसतो.

पहिला टप्पा म्हणजे साधारण सहा महिने आणि खात्यानुसार एक ते तीन लाख डॉलर. इथे फक्त ‘हे होऊ शकतं का’ एवढं दाखवायचं असतं. या टप्प्याला आमचे पैकीच्या पैकी गुण. खातं ज्यावर संशोधन मागवतं तो विषय आधी जाहीर होतो, आणि प्रस्ताव घ्यायला सुरुवात होईपर्यंत विषय लिहिणाऱ्या तज्ज्ञाशी थेट बोलता येतं. त्यानंतर फक्त पोर्टलवर लेखी प्रश्न. पहिल्याच आठवड्यात फोन करा आणि एकच गोष्ट काढून घ्या: त्यांना रंग बदलण्याचा वेग जास्त हवा आहे की पांढऱ्या अवस्थेतला प्रकाश? विषयाच्या मजकुरात दोन्ही लिहिलेलं असतं, पण एकाला दुसऱ्याची किंमत मोजावी लागते. द्रव-स्फटिकाच्या नेहमीच्या पडद्यात पोलरायझर (एकाच दिशेची प्रकाशकंपनं जाऊ देणारी गाळणी) असतो आणि तो निम्म्याहून जास्त प्रकाश खातो. असं भिंग ‘पांढरं’ असतानाही रात्री निरुपयोगी. पोलरायझर काढून स्फटिकात रंगद्रव्य मिसळलं तर प्रकाश वाढतो, पण मग गडद अवस्था तितकी गडद होत नाही. याचं गणित प्रस्तावातच मांडलं नसेल तर तपासणारा पुढचं वाचणार नाही. आणि बॅटरी संपली की भिंग पांढरं व्हायला हवं, काळं नव्हे. ही अट राहून गेली तर बाकी सगळं व्यर्थ.

सहा महिन्यांत साचा बनवायच्या फंदात पडू नका. बाजारातली पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकची तयार भिंगं घ्या, त्यांवर आपली रंग बदलणारी फिल्म चिकटवा आणि गोळीबाराच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेची तारीख करारावर सही झाल्या दिवशीच मागून ठेवा. किती भिंगं? पाच-सहा फोडून ‘यशस्वी’ लिहिणारे अहवाल पुष्कळ असतात, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. लागोपाठ २२ भिंगं टिकली, तरच ‘नापासाचं प्रमाण १० टक्क्यांखाली आहे’ असं ९० टक्के खात्रीने म्हणता येतं. आणि ही २२ प्रत्येक अवस्थेची वेगळी: कोरी, तापवलेली, गोठवलेली, उन्हात जुनी केलेली. म्हणजे शंभराच्या आसपास भिंगांचा खर्च धरा.

दुसरा टप्पा दोन वर्षांचा, साधारण दहा ते वीस लाख डॉलरचा. खरं काम इथे आहे आणि खऱ्या अडचणीही इथेच.

पहिली अडचण पैशाची. पहिला टप्पा संपून दुसऱ्याचा करार हातात पडेपर्यंत महिने जातात, आणि त्या काळातले पगार कंपनीने स्वतः भागवायचे. पहिल्या टप्प्यात जोडकाम देणारं ‘ऑप्शन’ असेल तर ते प्रस्तावातच मागून ठेवा, ते यासाठीच असतं. दुसरी गोष्ट हिशेबाची. करार ‘खर्च अधिक ठरावीक नफा’ या धर्तीचा असेल तर सरकारी लेखापरीक्षकाला मान्य अशी हिशेबपद्धत लागते. प्रत्येक माणसाची रोजची वेळनोंद, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष खर्च वेगळे. शुक्रवारी बसून आठवड्याचे तास एकदम भरणाऱ्यांना इथे महागात पडतं. कामही बाहेर किती द्यायचं त्याला मर्यादा आहे: पहिल्या टप्प्यात दोन तृतीयांश काम कंपनीनेच करायचं, दुसऱ्यात किमान निम्मं. ज्यांचा मोल्डिंगवाला बाहेरचा, कोटिंगवाला बाहेरचा आणि चाचणीही बाहेरची, त्यांनी ही बेरीज आधी करावी.

आता भिंगाकडे. पॉलिकार्बोनेट हवेतला ओलावा धरतं. साच्यात घालण्याआधी दाणे १२० अंश सेल्सिअसला तीन-चार तास सुकवून ओलावा ०.०२ टक्क्यांखाली आणावा लागतो. सुकवणी कमी पडली तर भिंगात चंदेरी रेघा येतात. त्या निदान दिसतात तरी. ओल्या दाण्यांमुळे वितळताना प्लास्टिकच्या साखळ्या तुटतात आणि दिसायला नितळ असलेलं भिंगही ठिसूळ निघतं, हा जास्त वाईट प्रकार. म्हणून ड्रायरची नोंद प्रत्येक लॉटबरोबर ठेवा, नाहीतर गोळीबारात फुटलेल्या भिंगाचं कारण शोधताना हाती काहीच नसतं.

दुसरा सापळा कोटिंगचा. उघडं पॉलिकार्बोनेट बोटाने पुसलं तरी चरे धरतं, म्हणून बाहेरून कडक थर देतात. हा थर स्वतः ठिसूळ असतो. आघाताने त्यात गेलेली भेग खालच्या प्लास्टिकमध्ये शिरते, आणि कोटिंगशिवाय पास झालेलं भिंग कोटिंगनंतर नापास होतं. गोळीबाराची चाचणी शेवटच्या थरानंतरच करायची, त्याआधीचे निकाल फक्त स्वतःच्या माहितीसाठी. आतल्या बाजूला वाफ न धरणारा थर असतो. तो पाणी शोषून घेतो म्हणून मऊ असतो, आणि शर्टाच्या टोकाने चष्मा पुसण्याची सवय त्याला लवकर संपवते. युरोपीय ‘एन’ शिक्क्यासाठी वाफेवर आठ सेकंद नितळ राहिलं तरी पुरतं. पाठीवर ओझं घेऊन चढ चढणाऱ्या घामेजल्या माणसासाठी आठ सेकंद म्हणजे चेष्टा आहे. सैनिक चष्मा काढून खिशात ठेवतो तो बहुतेक वेळा वाफेमुळे, आणि खिशातला चष्मा कुठलाच तुकडा अडवत नाही. दुसऱ्या टप्प्याच्या प्रस्तावात वाफेसाठी स्वतंत्र काम आणि स्वतंत्र पैसा नसेल तर तो प्रस्ताव कच्चा समजावा.

रंग बदलणाऱ्या फिल्मने आणखी एक भानगड होते. डोळ्यांभोवती वळणारं भिंग दोन दिशांना वाकलेलं असतं. सपाट फिल्म तशी वाकवली की कडेला सुरकुती पडते किंवा आतल्या पारदर्शक विद्युतथराला तडा जातो, आणि भिंगाचा एक कोपरा पांढराच राहतो. चिकटद्रव उन्हात पिवळा पडतो. डास पळवणाऱ्या मलमातलं डीट पुष्कळ प्लास्टिकं खातं, काडीच्या जोडावर आणि फिल्मच्या कडेवर ते आधी पोचतं. कडा सीलबंद करण्याचं काम शेवटच्या तिमाहीसाठी ठेवू नका.

नंबराच्या चष्म्याचा विचार तर बहुतेक जण विसरतातच. नंबर असलेल्याला भिंगामागे वेगळी जोडफ्रेम बसवावी लागते. ती बसली की पापण्या आणि भिंग यांच्यातलं अंतर कमी होतं आणि वाफ दुप्पट त्रास देते. नमुने जोडफ्रेमसकटच तपासा.

तिसरा टप्पा. यात एसबीआयआरचा एक पैसाही नसतो. फायदा एवढाच की पुढची खरेदी करताना खात्याला पुन्हा स्पर्धा न घेता थेट तुम्हालाच करार देता येतो. ‘देता येतो’, द्यावाच लागतो असं नाही. सैन्याची मान्य चष्म्यांची यादी आहे, एपेल. तिच्यात नाव येण्यासाठी चाचण्यांची फेरी पुन्हा करावी लागते, आणि त्या यादीत रिव्हिजन, ईएसएस, ओकली, वायली एक्स यांच्यासारखे ब्रँड आधीपासून ठाण मांडून आहेत. त्यांच्या अनेक साध्या चष्म्यांची किंमत दोन आकडी डॉलरांत. तुमचा बटणाचा चष्मा त्याच्या कित्येक पट महाग, शिवाय बॅटरीचा पुरवठा ही पुरवठा विभागाला नवी डोकेदुखी. तांत्रिक यश मिळवूनही छोट्या कंपन्या इथेच अडकतात. स्कीइंग, मोटरसायकल, सायकल असं नागरी गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून धरलेल्यांनाच हा टप्पा पार होतो. या टप्प्याला पाचापैकी दीड गुण, तेही उदार मनाने.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी इंजिनिअरांसाठी: कंपनीची निम्म्याहून जास्त मालकी अमेरिकी नागरिकांकडे किंवा ग्रीनकार्डवाल्यांकडे हवी. एच-१बीवरच्या माणसाची मालकी त्यात धरत नाहीत. मुख्य संशोधकाची मुख्य नोकरी याच कंपनीत हवी. शस्त्रास्त्र-निर्यात नियमांखाली येणाऱ्या विषयांत परदेशी नागरिकांची नावं प्रस्तावातच द्यावी लागतात. लेसरपासून संरक्षणाचे विषय घेताना हे आधी तपासा.

पुण्यात बसून हेच करायचं असेल तर भारताच्या संरक्षण मंत्रालयाची २०१८ पासूनची आयडेक्स योजना आहे. तिच्यात दीड कोटी रुपयांपर्यंत, तर ‘प्राइम’मध्ये दहा कोटींपर्यंत अनुदान मिळतं, टप्पे गाठतील तसं. पण कंपनीला स्वतःचाही वाटा घालावा लागतो, एसबीआयआरमध्ये तशी सक्ती पहिल्या दोन टप्प्यांत साधारण नसते.

अर्ज करणाऱ्यांनी सॅम या सरकारी नोंदणीला काही आठवडे धरून ठेवावेत. आणि अहवालांबाबत एक गोष्ट: तुमच्या तांत्रिक माहितीवर सरकारने बंधन पाळावं यासाठी वीस वर्षांचं संरक्षण मिळतं, पण त्यासाठी ठरलेला मजकूर तुम्हीच प्रत्येक अहवालावर आणि प्रत्येक नकाशावर छापायचा असतो. फिल्म वाकवण्याची कृती त्या मजकुराशिवाय पाठवली तर सरकार ती कोणालाही देऊ शकतं, तुमच्या स्पर्धकालाही.