ईबेचं रिफंड प्रकरण, बरेच महिने वापरून: सगळं अडतं ते 'कारण निवडा'पाशी

जुन्या लेन्स ईबे या ऑनलाइन बाजारात बोली लावून घेणाऱ्यांना मनी बॅक गॅरंटीचे, म्हणजे माल आला नाही किंवा वर्णनासारखा निघाला नाही तर पैसे परत मिळण्याचे, नियम तोंडपाठ असतात. वस्तू मिळाल्यापासून, किंवा आलीच नाही तर पोहोचण्याच्या शेवटच्या अंदाजित तारखेपासून, ३० दिवसांत तक्रार करायची. विक्रेत्याला कामकाजाचे ३ दिवस. तेवढ्यात मिटलं नाही तर ईबेला मध्ये बोलवायचं, आणि निकाल बहुतेक वेळा ४८ तासांत. घेणारा आणि विकणारा अशा दोन्ही बाजूंनी वापरून सांगतो, यंत्रणा चालते. पण रिटर्नच्या पहिल्याच पानावरची ती कारणांची यादी! तिच्याएवढी डोकेदुखी बाकी कशातच नाही.

'चालत नाही', 'वर्णनाशी जुळत नाही', 'वाटेत मोडली', 'भाग कमी आहेत' यातलं काही निवडलं की परतीचं टपाल विक्रेत्याच्या माथी. 'विचार बदलला', 'चुकून घेतली', 'दुसरीकडे स्वस्त मिळाली' निवडलं की तुमच्या माथी, आणि लिस्टिंगवर (विक्रेत्याने टाकलेल्या वस्तूच्या पानावर) 'रिटर्न नाही' लिहिलेलं असेल तर विषयच संपला. पहिल्या गटापुढे मात्र ही 'रिटर्न नाही'ची पाटी टिकत नाही. आपल्याकडचे लोक नेमके इथे मार खातात. उगाच वाकडेपणा नको म्हणून 'पसंत पडली नाही' छापाचं काहीतरी सौम्य निवडतात. फोकस रिंग घट्ट आहे आणि वर्णनात ती 'स्मूथ' म्हटली होती, तर पसंतीचा प्रश्नच येत नाही. लेन्स सरळ वर्णनाशी जुळत नाही. उलट लबाड माणूस खुशाल 'चालत नाही' निवडतो. २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराला निगेटिव्ह फीडबॅक देता येत नाही, त्यामुळे असल्यांना धाकही नाही. खोट्या रिटर्नची तक्रार करायची सोय आहे, पण त्या व्यवहारातले पैसे तिने वाचतातच असं नाही.

कारण बरोबर निवडलं तरी निकाल लागतो तो लिस्टिंगच्या मजकुरावर. जपानी विक्रेत्यांच्या मथळ्यात 'नियर मिंट' (जवळपास नवी), 'एक्सलंट +५' असं स्थितीचं वर्णन असतं. त्याला कुठलंही ठरलेलं प्रमाण नाही. खरं काय ते खाली बारीक अक्षरात: फंगस (काचेवरची बुरशी), हेझ (काचेचा धुरकटपणा), धूळ. तिथे 'थोडी फंगस, फोटोवर परिणाम नाही' लिहिलं असेल तर तुमची केस कच्ची. 'फंगस नाही' लिहिलं असेल तर पक्की, पण पार्सल आलं त्याच दिवशी काम उरका. ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश सोडणारं, लहानमोठं होणारं छिद्र) पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा, पुढून तिरका फोटो घ्या. त्याच बैठकीत सिरीयल नंबर, पार्सलवरचं लेबल आणि लिस्टिंगचा स्क्रीनशॉट. मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन आठवडे लेन्स कपाटात पडली, तर 'फंगस तुमच्याकडे लागली' हे उत्तर ठरलेलं, आणि ते खोडून काढणं कठीण. बोलणं फक्त ईबेच्या मेसेजमध्येच ठेवा. निकाल देणारा तेच वाचतो; व्हॉट्सॲपवर विक्रेत्याने काय कबूल केलं याला तिथे किंमत नाही.

अर्धवट परताव्याबद्दल माझं मत आता बदललंय. आधी ती तोंड बंद करायची लाच वाटायची. पण भारतातून माल परत करायचा तर बहुतेक वेळा तयार लेबल मिळत नाही, विक्रेत्याने टपालाचे पैसे पाठवायचे असतात. तिथे घासाघीस. मग सीएन २३ हा कस्टमचा फॉर्म, त्यावर 'रिटर्न्ड गुड्स' लिहायचं, नाहीतर तिकडच्या कस्टममध्ये पुन्हा ड्युटीचा घोळ. शिवाय पार्सल सोडवताना तुम्ही पोस्टाला भरलेली ड्युटी ईबेच्या व्यवहारात धरलेलीच नसते. परतावा वस्तूची किंमत अधिक मूळ शिपिंग, बस. त्यापेक्षा दुरुस्तीवाल्याकडून साफसफाईचा भाव घ्या, त्यात घसरलेली किंमत मिळवा आणि तेवढा आकडा मागा. मात्र परतावा स्वीकारला की केस बंद. ॲपर्चरच्या ब्लेडवर तेल आहे हे नंतर दिसलं तर उपयोग नाही, म्हणून सगळं आधी तपासा.

विकणाऱ्यांनी एवढंच बघावं: केस ईबेकडे जाऊन तुमच्या विरोधात लागू देऊ नका. 'विक्रेत्याने न सोडवलेल्या' केसेसची मर्यादा एकूण व्यवहारांच्या ०.३ टक्के आहे, आणि छोट्या विक्रेत्याचा हिशोब दोनचार केसेसमध्येच बिघडतो. हरणार हे दिसत असेल तर ३ दिवसांच्या आत स्वतःच रिटर्न घ्या. परत आलेला डबा लेबलसकट वजनकाट्यावर ठेवून फोटो, मग उघडायचा, मग सिरीयल नंबर जुळवायचा. हे सगळं कामकाजाच्या २ दिवसांत, कारण रिफंडची मुदत तेवढीच. आणि ७५० डॉलर किंवा त्यावरच्या मालाला सही घेऊन डिलिव्हरी हवीच. नुसतं 'डिलिव्हर्ड' दाखवणारं ट्रॅकिंग पुरत नाही.

ईबे इंडियाची पैसापे ही पैसे भरायची सोय आठवते, माल पोहोचल्याशिवाय विक्रेत्याला पैसे सुटत नसत. ईबे इंडियाचं दुकान २०१८ मध्ये बंद झालं. त्यानंतर अमेरिकेतल्या फॉरवर्डरच्या (माल घेऊन पुढे भारतात पाठवणाऱ्याच्या) पत्त्यावर माल मागवायची टूम निघाली. शिपिंग वाचतं खरं, पण त्या पत्त्यावरून पार्सल पुढे निघालं की गॅरंटी गेली. महाग लेन्सला हे करू नये.

ईबेवर हरलात तर ३० दिवसांत अपील करता येतं, पण नवीन पुरावा नसेल तर वेळ घालवू नका. पेपॅल या ऑनलाइन पेमेंट सेवेने पैसे दिले असतील तर तो दुसरा दरवाजा: पैसे भरल्यापासून जास्तीत जास्त १८० दिवस. दोन्हीकडे एकाच वेळी दाद मागू नका, पेपॅलला गेलात की ईबे आपली केस बंद करतं. आणि पेपॅलवर डिस्प्यूट उघडून स्वस्थ बसू नका. २० दिवसांत त्याचा क्लेम केला नाही, म्हणजे तो निकालासाठी पेपॅलकडे सोपवला नाही, तर तो आपोआप बंद होतो आणि पुन्हा उघडता येत नाही.