इशिगाकीहून बोटीने बेटं: नक्की जा, पण भाकरी बांधून घ्या

लेक जपानात नोकरीला, म्हणून तिथल्या अगदी नैऋत्य टोकाची यायेयामा बेटं पाहता आली. इशिगाकी बंदरातून ताकेतोमीला बोट पंधरा मिनिटांत पोचते. काइजी किनाऱ्यावर वाळूत तळहात दाबला, तर चिकटून आले चिमुकले तारे! सूक्ष्म समुद्री जीवांची कवचं ती. किती वेळ हात झटकवेना.

इरिओमोते बेटाची बोट लाटांवर दणादण आदळते, मागच्या बाकावरच बसा. तिथून म्हशीची गाडी उथळ समुद्रातून 400 मीटरवरच्या युबू बेटावर नेते. गाडीवान सानशिन, म्हणजे तिथलं तीन तारांचं वाद्य, वाजवत गायला. बैलगाडीत वाढलेली मी, डोळेच भरून आले.

वारा वाढला की फेऱ्या रद्द. आमचा एक दिवस गेला, पण तिकिटाचे पैसे लगेच परत मिळाले. शाकाहारी जेवणाचे मात्र हाल. सोलापूरहून नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणीच पुरवून खाल्ली.