लोकसहभागावर संशोधन करायचंय: हार्वर्ड, स्टॅनफर्ड की कॅनबेरा?

ग्रामसभा किंवा नागरिकांचा सहभाग असलेलं अंदाजपत्रक हा विषय घेऊन परदेशात जाऊ पाहणारे बहुतेक जण आधी विद्यापीठाचं नाव ठरवतात आणि प्रश्न नंतर शोधतात. हा क्रम उलटा हवा. या तिन्ही ठिकाणी 'सहभाग' म्हणजे काय आणि तो मोजायचा कसा, याची उत्तरं वेगवेगळी आहेत.

हार्वर्डच्या केनेडी स्कूलमधलं ॲश सेंटर २००३ सालचं. शासनातल्या नव्या प्रयोगांना पुरस्कार देण्याचा तिथला कार्यक्रम मात्र त्याआधी, १९८५ मध्ये सुरू झाला. तिथलं सर्वात उपयोगी हत्यार म्हणजे तिथले प्राध्यापक आर्चन फंग यांनी २००६ मध्ये मांडलेला 'डेमॉक्रसी क्यूब'. त्यात कोणत्याही सहभागाला तीन प्रश्न विचारायचे: कोण येतं, बोलणं आणि निर्णय कसा होतो, आणि त्या निर्णयाला सत्तेत किती वजन असतं. पुणे महापालिकेत २००६ पासून चालू असलेली, नागरिकांकडून कामं सुचवून घेण्याची पद्धत या चौकटीत बसवून पाहा. ज्याला सवड आणि माहिती तो अर्ज भरतो, आपसात चर्चा जवळपास नसते आणि अंतिम शब्द महापालिकेचा असतो. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) नेमकं उलट्या टोकाला सापडतं: सगळं गाव बसतं, सर्वसहमती होईपर्यंत बोलतं आणि जंगलाबाबतचा निर्णय स्वतः अमलात आणतं. दोन्हींना 'लोकसहभाग' हा एकच शब्द वापरल्याने किती गोंधळ होतो, ते इथे लगेच दिसतं. या चौकटीची मर्यादा अशी की ती एका क्षणाचं चित्र देते. मेंढा गावाला तिथे पोहोचायला लागलेली वर्षं आणि त्यामागचा संघर्ष तिच्यात मावत नाही, त्यासाठी इतिहास वेगळा लिहावा लागतो.

स्टॅनफर्डच्या डेलिबरेटिव्ह डेमॉक्रसी (विचारपूर्वक चर्चेवर उभी लोकशाही) लॅबचा भर प्रयोगावर आहे. तिथले प्राध्यापक जेम्स फिशकिन यांची पद्धत ठरलेली: लोकसंख्येतून यादृच्छिक नमुना काढायचा, आधी प्रश्नावली भरून घ्यायची, दोन्ही बाजूंचं तपासलेलं माहितीपत्रक द्यायचं, छोट्या गटांत प्रशिक्षित संचालकासह चर्चा घडवायची, तज्ज्ञांना प्रश्न विचारू द्यायचे आणि शेवटी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची. मतांत पडलेला फरक हेच उत्तर. मंगोलियात २०१७ मध्ये घटनादुरुस्तीच्या आधी ६६९ नागरिकांना असं एकत्र बसवलं होतं. अक्षरओळख कमी असेल तर माहितीपत्रक निरुपयोगी ठरतं, म्हणून युगांडात २०१४ मध्ये व्हिडिओ वापरला. आपल्या ग्रामसभेला हा साचा जसाच्या तसा लावला तर दोन ठिकाणी अडतो. ग्रामसभेत बसणं हा प्रत्येक मतदाराचा हक्क आहे, तिथे नमुना निवडणं म्हणजे बाकीच्यांना वगळणं. आणि गटात शेजारी, सावकार आणि सरपंचाचा भाऊ एकत्र बसतात, त्यामुळे अनोळखी माणसांतला मोकळेपणा येत नाही. शहर किंवा जिल्ह्याच्या पातळीवर मात्र ही पद्धत मजबूत आहे.

ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा विद्यापीठाचं याच चर्चाधिष्ठित लोकशाहीवरचं केंद्र नावाने कमी परिचित आहे, पण ग्रामसभेवर काम करणाऱ्याला आम्ही तेच आधी पाहायला सांगू. राज्यशास्त्रज्ञ जॉन ड्रायझेक यांच्या परंपरेत चर्चा एका सभागृहापुरती नसते. पारावर, बचत गटात, मोर्चात, तहसील कचेरीत चालणारं बोलणं मिळून एक व्यवस्था धरली जाते. याच परंपरेतले संशोधक सायमन नीमायर यांचा चर्चेची गुणवत्ता मोजणारा निर्देशांक मत बदललं का हे पाहत नाही. ज्यांचे विचार जुळतात त्यांचे पसंतीक्रमही जुळतात का, हे तो पाहतो. त्यासाठी विधानांचा एक संच आणि पर्यायांचा दुसरा लागतो. चूक होते ती विधानांत: इंग्रजीतून भाषांतरित केलेल्या गुळगुळीत वाक्यांना सगळेच होकार देतात आणि आकडा पोकळ निघतो. आधी बैठकींचं ध्वनिमुद्रण करून गावकऱ्यांच्याच तोंडची वाक्यं निवडावीत. गोंडी भाषक गावात तर ती गोंडीतच हवीत.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधली (यूसीएल) अर्थतज्ज्ञ मारियाना माझुकाटो यांची संस्था २०१७ ची. सरकारी यंत्रणेची क्षमता आणि नवनिर्मिती हा विषय असेल तरच तिचा विचार करा. लोकसहभाग तिथे मध्यवर्ती नाही.

प्रवेशाचं गणितही वेगळं आहे. ॲश सेंटर किंवा स्टॅनफर्डची लॅब स्वतः पीएचडी देत नाही. अर्ज सार्वजनिक धोरण, राज्यशास्त्र अशा विभागाकडे जातो, पहिली एक-दोन वर्षं अभ्यासक्रमात जातात आणि संख्याशास्त्र टाळता येत नाही. एकूण पाच-सहा वर्षं धरा. ऑस्ट्रेलियात तीन-चार वर्षं थेट प्रबंधावर जातात, म्हणून अर्जाआधी मार्गदर्शकाचा होकार हवा. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीवर विसंबून असाल तर जागतिक क्रमवारीची अट आधी वाचा. कॅनबेरा विद्यापीठ तिच्यात बसणं अवघड आहे, तेव्हा विद्यापीठाचीच शिष्यवृत्ती मिळवावी लागेल.

मार्गदर्शकाला पाठवायचा मजकूर दोन पानांत आटोपा: प्रश्न एका वाक्यात, कोणत्या गावांची किती वर्षांची इतिवृत्तं हाताशी आहेत, ती कोणत्या भाषेत आहेत, आणि ध्वनिमुद्रणाला ग्रामसभेने ठराव करून परवानगी दिली आहे का.