कोकणच्या दमट हवेत फ्रॉस्ट फ्री फ्रीज: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आम्ही जुना सिंगल डोअर फ्रीज काढला आणि साधारण २६० लिटरचा, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा (म्हणजे गरजेप्रमाणे कमी-जास्त वेगाने चालणारा) डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीज घेतला, म्हणजे आतला बर्फ आपोआप वितळवणारा. घर रत्नागिरी तालुक्यात, खाडीच्या जवळ. हवेत बारा महिने ओल आणि खारटपणा, पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. फ्रीजमध्ये मासे, ओलं खोबरं, मे महिन्यात आमरसाचे डबे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे ते या प्रकारच्या कुठल्याही फ्रीजला लागू पडतं.

आधी मत सांगते. फ्रीज चांगला आहे आणि पुन्हा वेळ आली तर याच प्रकारचा घेईन. पण तो जुन्या फ्रीजसारखा चालत नाही, आणि दुकानात हे कोणी समजावून सांगत नाही. सिंगल डोअरमध्ये वरचा बर्फाचा कप्पा गार व्हायचा आणि त्याची थंड हवा आपसूक खाली उतरायची. फ्रॉस्ट फ्रीमध्ये थंडावा तयार होतो तो फक्त फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड. तिथे कॉइल, म्हणजे गार होणारी वेटोळी नळी असते, तिच्याजवळ छोटा पंखा असतो. तो पंखा थोडी गार हवा फ्रीझरमध्ये फिरवतो आणि थोडी झरोक्यातून खाली सोडतो. बहुतेक डबल डोअर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात थंड करणारं वेगळं काहीच नसतं, वरून येईल त्या हवेवर तो चालतो. हे एकदा डोक्यात बसलं की बऱ्याच तक्रारींचं मूळ घरबसल्या सापडतं.

यंदा जूनमध्ये आमच्याकडे नेमकं तेच झालं. खालच्या कप्प्यातलं दूध नासायला लागलं, भाजी मऊ पडायला लागली. वर मात्र बांगडे होते तसे कडक. सर्व्हिसचा माणूस आला, खालच्या कप्प्यात हात घालून बघितला आणि म्हणाला, "वहिनी, गॅस गेलाय. वर्कशॉपला न्यावा लागेल." मी त्याला विचारलं, "दादा, गॅस गेला असता तर वरचे मासे असे राहिले असते का?" त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण "गॅस गेलाय" हे आपल्याकडे फ्रीजच्या प्रत्येक दुखण्यावर सांगितलं जाणारं निदान आहे. फ्रीजमधला गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो. तो वापरून संपत नाही, वर्षं झाली म्हणून कमी होत नाही. कुठेतरी गळती झाली तरच जातो. गळती झाली की कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो, कॉइलच्या सुरुवातीच्या थोड्याच भागावर बर्फ धरतो आणि हळूहळू दोन्ही कप्पे ढिले पडतात. कधीकधी जोडापाशी तेलकट डागही दिसतो. वर कडक बर्फ आणि खाली कोमट, असं दिसलं तर पहिला संशय हवेचा रस्ता अडल्याचा घ्यावा.

त्याची परीक्षा घरी होते. सामान शेजाऱ्यांकडे हलवा, फ्रीजचा प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून खाली जुने टॉवेल पसरा आणि पूर्ण एक दिवस तसाच राहू द्या. आमच्याकडे पॅनेलच्या मागून पाणी येतच राहिलं, टॉवेल पिळून पिळून हात दुखले. मग फ्रीज चालू केल्यावर खालचा कप्पा अगदी नव्यासारखा गार झाला. काही दिवस छान गेले आणि पुन्हा तीच तक्रार. हा क्रम दिसला की दोष बहुधा डिफ्रॉस्टमध्ये असतो. कॉइलवर साठणारं दव वितळवायला तिथे एक हीटर असतो, तो ठरावीक वेळाने थोडा वेळ चालू होतो. हीटर, त्याचा सेन्सर किंवा फ्यूज यांपैकी काहीही गेलं तर दव वितळत नाही, कॉइलभोवती बर्फाची भिंत उभी राहते आणि पंख्याची हवा तिच्यातून जातच नाही.

दुसऱ्या वेळी आलेल्या माणसाला मी हे सगळं क्रमाने सांगितलं आणि आधी पॅनेल उघडायला लावलं. आत कॉइल दिसतच नव्हती, नुसता पांढरा ठोकळा. सेन्सर निघाला. तो बदलला, वॉरंटीत झाला, फ्रीज घरातून हललाही नाही. तेव्हापासून खालचा कप्पा ठीक आहे.

वॉरंटीचं सांगायचं तर दारावर मोठ्या अक्षरांत "१० वर्षं" लिहिलेलं असतं ते कॉम्प्रेसरचं. माझ्या कार्डावर बाकी सगळ्या फ्रीजला एकच वर्ष आहे. आणि मधेच बिघडतात त्या याच बाकीच्या गोष्टी: सेन्सर, हीटर, पंखा, सर्किट बोर्ड. घेताना दुकानदाराला बोर्डाची आणि सेन्सरची किंमत विचारा, आणि वाढीव वॉरंटीत त्या दोन्ही येतात का ते कागदावर बघा.

गॅसबद्दल आणखी एक, जे फार महत्त्वाचं आहे. नव्या घरगुती फ्रीजमध्ये आता बहुतेक आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. कॉम्प्रेसरजवळच्या लेबलवर तो लिहिलेला असतो, शेजारी ज्वालेचं पिवळं त्रिकोणी चिन्ह असतं. एका फ्रीजमध्ये तो शंभर ग्रॅमपेक्षाही कमी भरलेला असतो, पण पेट घेणारा आहे. म्हणून खरोखरच नळीचं काम निघालं तर खिडक्या उघड्या हव्यात, जवळ गॅसची शेगडी नको. आणि कोणी "आमच्याकडे १३४ए आहे, तोच भरून देतो" म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका. त्या गॅसचा कॉम्प्रेसर वेगळा, त्याचं तेल वेगळं.

आता तापमान. आतल्या बटणावरचे आकडे अंशांचे नसतात, ते फक्त कमी-जास्त सांगतात. एक पेलाभर पाणी मधल्या फळीवर रात्रभर ठेवून सकाळी त्यात थर्मामीटर बुडवला की खरं कळतं. खाली ४ अंशांच्या आसपास आणि फ्रीझरमध्ये उणे १८ हवेत. माझ्या मॉडेलमध्ये फ्रीझरच्या आत एक सरकपट्टी आहे, ती हवा वर किती आणि खाली किती हे ठरवते. पाहुणे आले, बर्फ लवकर हवा म्हणून ती "जास्त थंड"वर सरकवली की खालची हवा तुटते. आमच्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, आता त्याच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. खालच्या कप्प्यातल्या झरोक्यासमोर मोठं पातेलं टेकवून ठेवू नका, आणि कोथिंबीर तर तिथे अजिबात नको. त्या थेट हवेत ती गोठते, काचेसारखी होते आणि बाहेर काढल्यावर काळी पडते.

पावसाळ्यात दाराच्या रबरावर आणि चौकटीवर पाणी सुटतं. ते बऱ्याचदा नुसत्या दमटपणाचं असतं. तरी रबर तपासावं. दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. सहज सुटली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी, विशेषतः बिजागरीकडच्या कोपऱ्यांत, हे करून बघा. आमचं रबर एका ठिकाणी आत दुमडलं होतं. कोमट साबणाच्या पाण्याने चुण्यांमधला मळ जुन्या टूथब्रशने काढला, मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्या जागी धरून ठेवलं, तशी रबराची घडी मोडली आणि ते पुन्हा चपखल बसलं. नवीन रबर लागलंच नाही. मीठ आणि माशांचं पाणी त्या चुण्यांत राहिलं तर काळी बुरशी धरते, म्हणून दर पंधरवड्याला एवढं काम मी करतेच.

मागे कॉम्प्रेसरच्या वर एक ट्रे असतो, तो बऱ्याच घरांत कोणी बघितलेलाही नसतो. वितळलेलं दव नळीतून तिथे येतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने वाफ होऊन जातं. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतकी ओल असते की पाणी आटत नाही. त्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. घरोघरी येणारे आरोग्य कर्मचारी फ्रीजच्या मागे वाकून बघतात ते यासाठीच. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे आठवड्याला एकदा ट्रे कोरडा करायचा. प्लग काढून, आणि कॉम्प्रेसर निवल्यावर.

ट्रेमध्ये पाणी नाही पण भाजीच्या खणाखाली तळं साचतंय, असं झालं तर पाणी उतरण्याची नळी तुंबली आहे असं समजावं. आमच्या जुन्या फ्रीजमध्ये मागच्या भिंतीवर भोक दिसायचं, त्यात कोमट पाणी सोडलं की मोकळं व्हायचं. यात ते पॅनेलमागे आहे, ते उघडणाऱ्याकडूनच करून घ्यावं. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ खरवडणं मात्र कुठल्याच फ्रीजमध्ये नको. नळीला भोक पडलं की मग खरोखर गॅस जातो.

बाजूच्या भिंती गरम लागतात, त्याची काळजी नको. आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या आता तिथेच बसवलेल्या असतात. म्हणून तर भिंतीपासून हातभर नाही तरी चार बोटं तरी जागा सोडायची आणि वरून भरतकामाचं कव्हर घालायचं नाही. रात्रीचे कट-कट आवाज, पाणी वाहिल्यासारखा आवाज, तेही नेहमीचेच.

विजेचं आमच्याकडे सगळ्यात कठीण. संध्याकाळी व्होल्टेज पडतं. फ्रीज किती व्होल्टेजपर्यंत स्टॅबिलायझरशिवाय चालतो ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, आमचं त्यात बसतं, म्हणून स्टॅबिलायझर घेतला नाही. पण वळवाचा आणि परतीचा पाऊस गडगडायला लागला की मी प्लगच काढते. वीज जवळ पडली तर इन्व्हर्टरचा बोर्ड उडतो, आणि तो सगळ्यात महागडा भाग. फ्रीजला स्वतःचं वेगळं सॉकेट हवं, अर्थिंग तपासलेलं हवं, एक्स्टेंशन बोर्ड नको.

लाईट गेल्यावर दार न उघडणं हाच उपाय. बंद दारात खालचा कप्पा सुमारे चार तास धरतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत, अर्धा भरलेला एक दिवस. मी फ्रीझरमधल्या मोकळ्या जागेत पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या गोठवून ठेवते, वर थोडी जागा सोडून, नाहीतर फुगून फुटतात. जुलैत रात्रभर लाईट नव्हती तेव्हा सकाळी सुरमईच्या तुकड्या जशाच्या तशा होत्या. मासा एकदा मऊ पडून कोमट झाला असेल तर मात्र पुन्हा गोठवू नका, टाकून द्या.

गंजाकडे लक्ष ठेवावं लागतं. मागच्या पत्र्याचे स्क्रू आणि खालची कड इथे पहिल्या पावसातच तांबूस होतात. ओल्या फडक्याने मीठ पुसून लगेच कोरडं करते आणि कडेला गाडीचं मेणपॉलिश लावते. उंदीर वायर कुरतडतात, पाल बोर्डात शिरून शॉर्ट करते, म्हणून मागची जागा रिकामी आणि स्वच्छ ठेवली आहे.

बिलात मोठा फरक जाणवला नाही, कारण हा फ्रीज जुन्यापेक्षा मोठा आहे. घेताना नुसते स्टार मोजू नका. निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुने पाच स्टार आणि आजचे पाच स्टार सारखे नसतात. लेबलवरची वर्षाची युनिटं आणि लेबलचं वर्ष वाचा.

आमच्यासारखं घर मोठं असेल, आठवड्याचे मासे एकदम येत असतील, तर फ्रॉस्ट फ्रीच घ्यावा. पॅकेट एकमेकांना चिकटत नाहीत, बर्फ काढत बसावं लागत नाही. पण दोघंच माणसं, दूध-भाजीपुरता वापर, आणि जवळपास नीट सर्व्हिस देणारा कोणी नाही, अशा घराला मी आजही सिंगल डोअरच सांगेन. त्यात पंखा, हीटर, सेन्सर यांतलं बहुतेक काही नसतं, आणि गावातला कुठलाही मेकॅनिक तो दुरुस्त करू शकतो.