बचत गटाचं बायोएन्झाइम आणि रिठ्याचं लिक्विड: लादीला पास, तेलकट कढईला काठावर

आमच्या सोसायटीच्या गेटजवळ महिला बचत गटाचा स्टॉल लागतो, तिथून फरशीचं बायोएन्झाइम (म्हणजे फळांच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं क्लीनर) आणि भांड्यांचं रिठा लिक्विड आणलं आणि आता बरेच दिवस घरी पण आणि ऑफिसात पण तेच चालू आहे म्हणून लिहितेय.

आधी फरशी. अर्ध्या बादलीत दोन झाकणं पुरतात. वास संत्र्याच्या सालीचा, थोडा आंबूस, पुसल्यावर दहा मिनिटांत जातो. ऑफिसात खरा फरक कळला, एसीमुळे खिडक्या कायम बंद आणि सकाळी फिनाईल मारलं की जेवणापर्यंत डोकं धरायचं, ते बंद झालं. व्हिट्रिफाइड टाइल्सवर चिकटपणा राहत नाही. पण घरात शहाबादी, कोटा किंवा मार्बल असेल तर जपून हां, हे आंबवलेलं म्हणजे ॲसिडिकच असतं आणि हे सगळे दगड चुन्याचे, पॉलिश मरतं. बाटलीवर हे कुठेच लिहिलेलं नाही, लिहायला हवं होतं.

रिठा लिक्विडला फेस कमी. आमच्या मावशींचं पहिल्याच दिवशी, "ताई, भांडं निघालं का नाही तेच कळत नाय." चहाचं पातेलं, ताटं, वाट्या मस्त निघतात, भज्यांची कढई मात्र आधी गरम पाणी आणि राख किंवा बेसन लावल्याशिवाय निघत नाही. पण साबणाने मावशींच्या बोटांना ज्या चिरा पडायच्या त्या आता नाहीत, त्यामुळे फेसाची तक्रार त्यांनीच बंद केली. डोळ्यात उडू देऊ नका, रिठा जाम झोंबतो.

बाथरूमला पण बायोएन्झाइम चालेल असं स्टॉलवर सांगतात, तिथे माझं नाही जमलं. बोअरचं पाणी, नळांवर पांढरे क्षार, बायोएन्झाइमने ढिम्म हलत नाहीत. त्याला किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड घ्या, कोमट पाण्यात दोन चमचे, त्यात फडकं भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा, पापुद्रे सुटून येतात. आणि ते व्हिनेगरमध्ये खायचा सोडा टाकून फसफसवायचे व्हिडिओ असतात ना, दोन्ही एकमेकांना मारतात, खाली उरतं जवळपास खारट पाणी.

बायोएन्झाइम जंतुनाशक नाही हेपण सांगते. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले तर तिथे ब्लीचच, फक्त ते लिंबूसत्त्व, बायोएन्झाइम किंवा संडासच्या ॲसिडसोबत एकत्र करायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो.

किंमत साध्या फिनाईलपेक्षा जास्तच आहे. बायोएन्झाइम घरी करायचं तर १ भाग गूळ, ३ भाग संत्र्या-मोसंबीच्या साली, १० भाग पाणी आणि तीन महिने थांबायची तयारी. प्लास्टिकच्याच बाटलीत करा, वर थोडी जागा सोडा आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस काढा. मी विकतच घेणार, आमच्या ओट्याखाली तेवढी जागा नाही. रिकामी बाटली परत नेली की स्टॉलवरच्या बायका भरून देतात आणि दहा रुपये कमी घेतात, तेवढं विचारून घ्या, स्वतःहून सांगत नाहीत.