निकोटिनची गोळी: सात महिने चघळून झाल्यावर

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. तंबाखू-चुना बावीस वर्षं. दिवसाला दोन पुड्या, हंगामात रात्रपाळी लागली की तीन. एवढ्या मुरलेल्या माणसाला, तंबाखू सोडायला चघळतात त्या निकोटिनच्या गोळीचा कितपत उपयोग होतो, त्याबद्दल हे लिहितोय. ब्रँड सांगत नाही, कारण मी तीन वेगवेगळे वापरले आणि चव सोडली तर फरक जाणवला नाही.

गेल्या हंगामाच्या तोंडावर दाढ दाखवायला दाताच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. दाढ राहिली बाजूला. त्यांनी हातात आरसा दिला आणि खालच्या ओठाच्या आत डावीकडे आलेला पांढरा चट्टा दाखवला. बरोबर तंबाखूचा बार धरायची जागा. तुकडा काढून तपासायला पाठवला, रिपोर्ट बरा आला. पण ते आठ दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. रिपोर्ट हातात ठेवताना त्यांनी एकच विचारलं, "उठल्यावर पहिला बार किती वेळात?" म्हटलं, चहाच्या आधी. "मग तुम्हाला ४ मिलिग्रॅमची." उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला तलफ येते त्याला ४ ची, बाकीच्यांना २ ची, असा हिशेब असतो. २ ची मला पुढे मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळाली.

पहिले दोन दिवस ही वस्तू फेकून द्यायच्या लायकीची वाटली. साध्या च्युइंगमसारखी कचाकचा चावली आणि उचक्या, घशात जळजळ, पोटात मळमळ. तिसऱ्या दिवशी डब्यातला कागद वाचला. हळूहळू चावायची, जिभेला चुणचुण लागली की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची. चुणचुण गेली की पुन्हा चार वेळा चावायची, जागा बदलायची. एक गोळी अर्धा तास. म्हणजे थोडक्यात बार धरायचा! बावीस वर्षांची तालीम इथे कामी आली.

चहाची भानगड मात्र कोणी नीट सांगत नाही. गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी-लिंबूपाणी बंद. याचं कारण मला लॅबमध्ये बसल्या बसल्या उमगलं. आम्ही उसाच्या रसात पाण्यात कालवलेला चुना सोडतो, आंबट रसाचा पीएच सातच्या आसपास आणायला, म्हणजे आंबटपणा घालवायला. तोंडात तंबाखूबरोबर चुना तेच काम करतो: आम्लता मारतो, आणि मग निकोटिन तोंडाच्या अस्तरातून झटकन रक्तात उतरतं. गोळीत चुन्याच्या जागी सोडियम कार्बोनेट घातलेलं असतं. त्यावर चहा ओतला की तोंड पुन्हा आंबट, निकोटिन थुंकीबरोबर पोटात, आणि तिथे त्याचा उपयोग फारच कमी. मी पहिला आठवडाभर चहाबरोबर गोळ्या खाऊन "काही फरक पडत नाही" म्हणत होतो.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. मला एक गोळी दहा-बारा रुपयांना पडली. सुरुवातीला दिवसाला दहा-बारा लागत. म्हणजे रोजचे शंभराच्या वर, आणि तंबाखूला त्याच्या निम्मेही जात नव्हते. "तंबाखू सोडली की पैसे वाचतात" हे पहिले तीन महिने विसरा. बायको म्हणाली, "अहो, दवाखान्याचं बिल यापेक्षा स्वस्त येणार आहे का?" पुढे मी हिशेब थांबवला.

आता खरी तक्रार. गोळी तलफ भागवते, हाताचं काय? डाव्या तळव्यावर चिमूट घ्यायची, नखाने चुना लावायचा, अंगठ्याने मळायचं, थापटून धूळ उडवायची. दर तासाला रसाचा नमुना लावला की माझा तळवा आपोआप पुढे यायचा. गोळी तोंडात असतानाही! यावर डब्यातल्या कागदात एक ओळ नाही. शेवटी उपाय घरात सापडला: भाजलेले शेंगदाणे. मूठभर तळव्यावर घ्यायचे, अंगठ्याने चोळायचे, फुंकर मारून सालं उडवायची. हाताला बहुतेक कळलंच नाही की माल बदललाय. वजन मात्र चार किलो वाढलं, ते शेंगदाण्यांच्या नावावर टाका.

त्याहून अवघड समोरून आलेला तळवा. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू खाणारे निघाले होते. आमच्या बॉयलिंग हाऊसमध्ये, म्हणजे रस आटवून साखर करतात तिथे, हा आकडा कोणाला सांगितला तर "एवढे कमी?" म्हणतील. आपल्याकडे अनोळखी माणसाशी बोलणं सुरू होतं तेच "तंबाखू आहे का हो?" असं, आणि मळलेली चिमूट नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. जानेवारीतल्या एका रात्री, अडीचच्या सुमारास, पॅनवरच्या (रस आटवायच्या भांड्यावरच्या) पोराने हात पुढे केला. "घ्या की सायेब, एवढ्यानं काय हुतंय." घेतली. डोकं गरगरलं, आणि खरं सांगू, बरंही वाटलं. सकाळी घरी येऊन पहिलं काम केलं ते पुडीवर छापलेल्या १८००-११-२३५६ ला फोन. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या, रागावल्या नाहीत. कितव्या दिवशी, किती वाजता, कोणाबरोबर एवढंच विचारत गेल्या. त्यातून मीच मला सांगितलं की घसरणं ठरलेल्या वेळेला होतं, दोन ते तीन. तेव्हापासून पावणेदोनला गोळी तोंडात ठेवूनच पॅनकडे जायचो.

व्हॉट्सॅपवर फिरणारं "२१ दिवसांत सवय सुटते" मला कधी पटलं नव्हतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर नवी सवय अंगी लागायला किती दिवस लागतात ते पाहिलं होतं. सरासरी ६६ निघाले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४. आणि मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सगळं पाण्यात जात नव्हतं. तो अभ्यास पाणी पिणं, फिरायला जाणं असल्या साध्या सवयींचा होता, तंबाखूचा नव्हे. तरी जानेवारीतल्या त्या चिमटीनंतर मी कॅलेंडरवरचे तंबाखूविना दिवसांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू केले नाहीत, ते यामुळेच.

कागदावर गोळीचा कोर्स १२ आठवड्यांचा आहे: सहा आठवडे दर एक-दोन तासांनी, मग अंतर वाढवत जायचं. मला सात महिने लागले. ४ वरून २ वर आलो तो आठवडा फार चिडचिडीचा गेला, घरातल्यांना विचारा. मार्चमध्ये गाळप संपलं, रात्रपाळ्या थांबल्या आणि दिवसाला दोनवर आलो. गोळीचीच सवय लागेल का, हा प्रश्न सगळे विचारतात. थोडी लागते. पण ती सोडणं मला तंबाखूच्या मानाने किरकोळ गेलं, कारण ती कोणी कोणाला मळून देत नाही. एप्रिलच्या शेवटी शेवटची खाल्ली.

चट्टा पूर्ण गेलेला नाही, फिका झालाय. दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. पाचपैकी चार तारे. एक कापला तो हातासाठी.

दिवाळीनंतर पुन्हा बॉयलर पेटेल, पुन्हा रात्रपाळी. लॅबच्या ड्रॉवरमध्ये पीएच पेपरशेजारी २ ची एक पट्टी ठेवलीय. एक्स्पायरी पाहून घेतलीय, पुढच्या हंगामापुरती पुरते.