परसातल्या तळ्याभोवतीची दगडी फरसबंदी: दहा महिन्यांनंतर

गेल्या मार्चमध्ये साताऱ्याच्या घरामागं परसात माशांचं छोटं तळं बांधलं. आठ बाय पाच फूट, खोली दोन फूट, पाणी साधारण सव्वादोन हजार लिटर. चारही अंगांना तीन-तीन फूट दगडी फरसबंदी केली. आता जानेवारी चालू आहे. एक कडक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा निघाला, म्हणून लिहितो आहे.

बसण्या-फिरण्याच्या जागेला शहाबादी फरशी आणि तळ्याच्या काठाला टाकी मारलेला (छिन्नीनं ठोकून खडबडीत केलेला) काळा दगड. खरं तर मी सगळीकडे शहाबादीच घालणार होतो, गवंडीमामांनी अडवलं. त्यांचं म्हणणं जुलैत पटलं. झड लागली की शहाबादीवर हिरवट थर धरतो आणि पाय सटकतो. शेवाळ काळ्या दगडावरही येतं, पण टाकीच्या खळग्यांमुळे पाय ठरतो. आई सत्तरीची आहे, माशांना रोज सकाळी तीच खायला घालते. काठावर ती निर्धास्त उभी राहते, माझ्या दृष्टीनं सगळा खर्च तिथंच वसूल झाला. एप्रिलच्या दुपारी मात्र हा दगड चपलेशिवाय पाय ठेवू देत नाही.

काठाचे दगड पाण्यावर दोन इंच पुढे काढलेत. वंचक (मासे खाणारा छोटा बगळा) येऊन बसला की मासे त्या सावलीत शिरतात.

आता चुकीबद्दल. काठाच्या दगडांमधल्या दरजा, म्हणजे फटी, सिमेंटनं भरल्या आणि दोनच दिवसांत वळीव कोसळला. ओल्या सिमेंटमधला चुना धुऊन थेट तळ्यात गेला. सकाळी मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करत होते. बारा गोल्डफिशपैकी पाच गेले. उरलेले पिंपात काढले, तळं दोनदा उपसून भरलं, मगच परत सोडले. मासे आधी आणायची घाई माझी होती, त्याचं अजून वाईट वाटतं. सिमेंटला पुरतं पाणी मारून, तळं भरून-उपसून, पाण्याचा पीएच (आम्ल-अल्क प्रमाण) तपासल्याशिवाय एकही मासा आणू नका.

शहाबादीच्या सांध्यांत सिमेंट घातलंच नाही. खाली मुरूम धुम्मस करून (ठोकून घट्ट दाबून), वर कच (दगडाचा बारीक चुरा) पसरून फरश्या नुसत्या बसवल्या आणि फटींतही कचच भरली. पावसाचं पाणी जागच्या जागी मुरतं. मुंग्या कच उकरून वर काढतात, दोन महिन्यांनी झाडून परत भरावी लागते. आता फटींत दूर्वा आल्यात, त्या मी काढत नाही.

उतार तळ्यापासून बाहेरच्या बाजूला, फुटाला पाव इंच. बसवताना प्रत्येक फरशीवर तांब्याभर पाणी ओतून बघितलं होतं. त्यामुळे भर पावसात परसातली लाल माती वाहत होती, तरी तळ्यात गढूळ पाणी उतरलं नाही.

शेवाळ घालवायला ॲसिड मारा असं दोघातिघांनी सुचवलं. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, ॲसिड पडलं की फसफसून झिजतो, शिवाय धुतलेलं पाणी तळ्यात जायची भीती. खराटा आणि साधं पाणी पुरतं. पावसाळ्यात दर रविवारी अर्धा तास जातो.

पूर्वेचा कोपरा ऑगस्टमध्ये बोटभर खचला. तिथं जुन्या पाइपचा चर होता, त्यात धुम्मस नीट बसली नव्हती. होळीनंतर त्या चार फरश्या उचलून खाली मुरूम भरणार आहे. सांधे सुटे असल्यानं फोडाफोड करावी लागणार नाही.